पुणे मिळत असताना धुळे का घ्यायचे?

दरवर्षी सीईटीचा निकाल लागला की आमच्या केंद्रावर माती परीक्षणाचे नमुने घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांबरोबर त्यांची मुले-मुलीही येऊ लागतात, आणि मातीची पिशवी टेबलावर ठेवून झाली की थोडे घुटमळून एकच प्रश्न विचारला जातो. "मॅडम, कृषीला पुण्याला नंबर लागेल असं वाटतंय. घरचे म्हणतात, धुळ्याचं कॉलेजही तेवढंच चांगलं आहे. शिक्षण बघायचं की शहर?" या प्रश्नाला मी आजवर उभ्या-उभ्या उत्तरे दिली, आणि ती बहुतेकदा अर्धवट होती. तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलेत म्हणून या वेळी बसून लिहिते आहे. मी स्वतः 1996 मध्ये पुणे निवडले होते, हे आधीच सांगून ठेवते.

पुणे, धुळे आणि कोल्हापूर ही तिन्ही कृषी महाविद्यालये राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची घटक महाविद्यालये आहेत. पुण्याचे 1907 सालचे, धुळ्याचे 1960 सालचे. विद्यापीठ 1968 मध्ये स्थापन झाले, म्हणजे ही महाविद्यालये विद्यापीठापेक्षा वयाने मोठी आहेत. पदवी एकच, अभ्यासक्रम एकच, आणि तो अभ्यासक्रमही भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अधिष्ठाता समितीने देशभरासाठी आखून दिलेल्या चौकटीतला. विद्यापीठांच्या क्रमवारीत नाव येते ते राहुरीचे, त्यामुळे ती क्रमवारी पाहून पुणे की धुळे हे कोणालाही ठरवता येणार नाही. पालक मला माहितीपुस्तिका उघडून दाखवतात आणि "दोन्हीकडे सगळं सारखंच आहे" असे म्हणतात, तेव्हा ते खरेच बोलत असतात. कागदावर सारखेच आहे.

फरक त्या कागदावरच्या एका अधिक चिन्हात असतो. आमच्याकडे प्रत्येक विषयापुढे दोन अधिक एक, एक अधिक एक असे श्रेयांक लिहिलेले असतात. पहिला आकडा वर्गातल्या तासांचा आणि दुसरा प्रात्यक्षिकाचा. पहिला आकडा कुठेही जवळजवळ सारखाच शिकवला जातो, कारण पुस्तके तीच आणि प्रश्नपत्रिकाही तीच. दुसरा आकडा मात्र जमिनीवर अवलंबून असतो. महाविद्यालयाच्या शेतावर काय उभे आहे, विद्यार्थ्याला स्वतःचा वाफा मिळतो की गटाने बांधावर उभे राहून पाहायचे असते, विभागात शिकवणारे माणूस आहे की जागा रिकामी आहे, आणि प्रक्षेत्राच्या कुंपणाबाहेर कोणती पिके, कोणती माती आणि कोणते शेतकरी आहेत, यावर त्या एका श्रेयांकाचे मोल ठरते. म्हणून कृषी शाखेत शिक्षणाचा दर्जा आणि ठिकाण ही तराजूची दोन पारडी आहेत असे मला वाटत नाही. बऱ्याच अंशी ठिकाण हाच अभ्यासक्रमाचा एक भाग असतो. ज्यांना संगणक किंवा वाणिज्य शाखेबद्दल विचारायचे आहे, त्यांना माझे हे म्हणणे जसेच्या तसे लागू पडणार नाही.

आता माझी गोष्ट. आम्ही सटाण्याकडचे, घरचा कांदा. त्या काळी प्रवेश बारावीच्या गुणांवर होत आणि माझे गुण पुण्याला पुरेसे होते. धुळे घरापासून एसटीने दोन-अडीच तासांवर, पुणे रात्रीच्या गाडीचे. वडिलांना धुळे हवे होते, मला पुणे हवे होते, आणि पुणे का हवे याचे माझ्याकडे एकही शैक्षणिक कारण नव्हते. पुण्याला गेलेली मुले सुट्टीत गावी आली की वेगळी बोलत, एवढे मला दिसत होते आणि मला तसे बोलायला शिकायचे होते. हे कारण मी आजही हलके मानत नाही. पुण्याने मला ते दिले. शिवाजीनगरच्या त्या जुन्या दगडी इमारतीत मी इंग्रजीत प्रश्न विचारायला शिकले, चांगले ग्रंथालय कसे वापरायचे ते शिकले, आणि परगावच्या मुलींबरोबर वसतिगृहात राहून घरच्यांशिवाय निर्णय घेण्याची सवय लावून घेतली. खेड्यातल्या मुलीला शहर जे देते, त्याची किंमत ज्यांना ते जन्मतःच मिळालेले असते त्यांनी ठरवू नये.

परंतु दुपारी पाच वाजता काय होत असे, तेही सांगायला हवे. तास संपले की आमच्या वर्गातले निम्म्याहून अधिक जण सायकली काढून सदाशिव पेठेत, नव्या पेठेत अभ्यासिकेत जात. स्पर्धा परीक्षा हे पुण्यात कृषी पदवी घेण्याचे न बोललेले, पण सर्वमान्य कारण होते आणि अजूनही आहे. दुसऱ्या वर्षापासून मीही जाऊ लागले. पुण्याच्या आसपास शेतीचे ज्ञान कमी आहे असे मुळीच नाही. गणेशखिंडीला फळ संशोधन केंद्र आहे, मांजरीला द्राक्ष संशोधन केंद्र आणि वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, राजगुरुनगरला कांदा आणि लसूण यांच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. राजगुरुनगरचे केंद्र माझ्या शिक्षणाच्या काळातच तिथे आले. मी कांदेवाल्याची मुलगी, वसतिगृहापासून तास-दीड तासावर कांद्याची एवढी मोठी संस्था, आणि पदवीच्या चार वर्षांत मी एकदाही तिथे गेले नाही. कोणी अडवले नव्हते. पाच वाजले की पाय अभ्यासिकेकडे वळत, इतकेच.

चार वर्षांत मला खरोखर शेती शिकवली ती सातव्या सत्राने. त्या सत्रात विद्यार्थ्याने गावात राहून शेतकऱ्याबरोबर काम करायचे असते. त्याला सगळे रावे म्हणतात, आणि गावातल्या कार्यक्रमांच्या बातम्यांत आम्ही कृषीकन्या आणि मुले कृषीदूत. आमच्या गटाला पुरंदर तालुक्यातले गाव मिळाले. अंजिराचा खट्टा बहार (पावसाळी फळांचा) आणि मीठा बहार (उन्हाळी फळांचा) म्हणजे काय, शेतकरी एक सोडून दुसरा का धरतो, पावसाळ्यात येणारे फळ बाजारात का हरते, हे मला तिथल्या एका आजींनी बागेत फिरवून सांगितले. फळबागेच्या विषयात मी हे वाचले होते आणि त्यात चांगले गुणही मिळवले होते, पण झाडाखाली उभे राहीपर्यंत ते मला कळलेले नव्हते, हे त्या दिवशी समजले.

त्या समजण्याला पुरावा मिळाला तो नोकरी लागल्यावर. कृषी विस्ताराच्या, म्हणजे शेतीचे नवे तंत्र शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्याच्या, कामासाठी माझी पहिली नेमणूक यावल तालुक्यात झाली. पहिल्याच आठवड्यातल्या बैठकीत एका शेतकऱ्याने विचारले, "मॅडम, यंदा कांदेबागेवर करपा लवकर दिसतोय, काय करायचं?" मी कांद्याच्या गावची, त्यामुळे मला फार बरे वाटले. कांद्यावरचा करपा, त्याची बुरशी, फवारणीचे अंतर, सगळे मी पाच-सात मिनिटे मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले. कोणी मध्ये बोलले नाही. खानदेशी माणूस पाहुण्याला तोंडावर तोडत नाही. शेवटी मागे बसलेले एक म्हातारे बाबा म्हणाले, "ताई, कांदेबाग म्हणजे केळी." जळगाव जिल्ह्यात जून-जुलैत लावतात ती मृगबाग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लावतात ती कांदेबाग. तोडणी झाल्यावर त्याच बुंध्याच्या पिलांवर घेतात ती पीलबाग. हे शब्द पुस्तकात कुठेतरी एका ओळीत असणारच, परंतु माझ्या कानांवरून ते कधी गेलेच नव्हते. पुढचे वर्षभर त्या भागात मला "कांदेवाल्या मॅडम" म्हणत. रागाने नव्हे, पण म्हणत.

मी पुण्याला गेले त्याच वर्षी माझा मामेभाऊ धुळ्याला गेला होता. कांदेबाग त्याला पहिल्या वर्षी समजली, कारण त्याच्या खोलीतला मुलगा रावेरचा होता आणि दिवाळीच्या सुट्टीत तो त्याला बागेत घेऊन गेला होता. धुळ्याला बाजरी संशोधनाची योजना आहे. लोह आणि जस्त अधिक असलेले आदिशक्ती आणि महाशक्ती हे संकरित वाण पुढे तिथूनच आले. मामेभाऊ शिकत असताना ते वाण नव्हते, पण सकाळी कणसांना परके पराग लागू नयेत म्हणून कागदी पिशव्या चढवण्याच्या कामाला तो हौसेने जात असे. बाजरीच्या कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर येतात आणि परागकोष नंतर, म्हणून पिशवी कधी चढवायची याला महत्त्व असते. हे वाक्य मी परीक्षेत लिहिले आणि त्याने हाताने केले. त्याला पुण्यातली भाषणे, ग्रंथालये आणि ओळखी मिळाल्या नाहीत, आणि पहिल्या मुलाखतीत तो इंग्रजीमुळे मागे पडला, हेही तितकेच खरे आहे. मग पदवी हातात आल्यावर तो पुण्याला आला, नव्या पेठेत खाटेच्या भाड्याने दीड वर्ष राहिला, अभ्यासिका लावली आणि कृषी सेवेची परीक्षा उत्तीर्ण झाला. ज्या गोष्टीसाठी मी पदवीची चार वर्षे पुण्यात घातली, ती त्याने दीड वर्षात उरकली. मी मात्र त्या परीक्षेत दोनदा नापास झाले.

या दोन वाटा शेजारी ठेवून पाहिल्यावर माझे मत बनले आहे, आणि ते हिशेबाच्या क्रमाबद्दल आहे. पुणे नंतरही मिळते. पदव्युत्तर शिक्षणासाठी, परीक्षेच्या तयारीसाठी किंवा नोकरीसाठी पुण्याला जायची संधी कृषी पदवीधराला पुढच्या दहा वर्षांत अनेकदा येते. एकोणिसाव्या वर्षी, कोणतीही जबाबदारी नसताना, चुका केल्या तरी कोणाच्या पिकाचे नुकसान होत नाही अशा शेतावर चार खरीप आणि चार रब्बी हंगाम काढण्याची संधी मात्र पुन्हा येत नाही. म्हणून ज्याला शेतीत, शेतकऱ्यांत किंवा बियाण्यात काम करायचे आहे, त्याला मी धुळे सांगते. उसात रस असेल तर कोल्हापूर सांगते, कारण तिथे ऊस आणि गूळ यांचे संशोधन केंद्र आहे आणि हंगामात गुऱ्हाळे बघायला कोणाची परवानगी लागत नाही. ज्याला फक्त पदवीधर व्हायचे आहे आणि खरे ध्येय तहसीलदार होण्याचे आहे, त्याने खुशाल पुणे घ्यावे. फक्त घरी तसे स्पष्ट सांगावे, कारण वडील चार वर्षे गावात "पोरगं शेतीचं शिकतंय" असे सांगत राहतात आणि मग दोघांचीही ओढाताण होते. आणि जिला घरातून बाहेर पडण्यासाठीच शहर हवे आहे, तिला मी पुणेच सांगेन, शेतीचे काहीही होवो.

तिसरा पर्याय अलीकडे वाढला आहे, तो म्हणजे घराजवळचे विनाअनुदानित महाविद्यालय. त्यातली काही चांगली आहेत. पण जवळ असणे हाच ज्याचा मुख्य गुण सांगितला जातो, तिथे मी पाय रोवून चौकशी करायला सांगते. पसंतीक्रम भरण्याआधी, जुलै-ऑगस्टात एखाद्या कामाच्या दिवशी तिथे जावे आणि स्वागतकक्षात न थांबता सरळ प्रक्षेत्र दाखवा म्हणावे. त्या महिन्यांत शेत रिकामे दिसले तर पुढचे काही विचारण्याची गरज नाही. शेत उभे असेल तर तिसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याला गाठून दोन गोष्टी विचाराव्यात: तुझा वाफा कोणता, आणि प्रात्यक्षिकाची वही कुठून उतरवलीस? पहिल्या वर्षातल्यांना विचारू नये, ते अजून माहितीपुस्तिकेचीच भाषा बोलत असतात. घटक महाविद्यालयालाही हीच परीक्षा लावावी, कारण कृषी विद्यापीठांतल्या रिक्त जागांचा प्रश्न जुना आहे, आणि गेटवरची पाटी सरकारी असली म्हणून विभागात शिकवायला माणूस असतोच असे नाही.

मागच्या जूनमध्ये चोपड्याकडची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. वरचे बहुतेक सगळे मी तिला तोंडी सांगितले. तिने वहीत मुद्दे लिहून घेतले, वाफ्याचा प्रश्न दोनदा अधोरेखित केला, आणि दोन्ही ठिकाणी जाऊन बघेन म्हणाली. वडील सगळे ऐकत होते, पण त्यांचा चेहरा मोकळा होत नव्हता. उठताना त्यांनी टोपी नीट केली आणि मला विचारले, "मॅडम, ते वाफ्याचं ती बघील. तुम्ही एवढं सांगा, शनिवारी कॉलेज सुटल्यावर धुळ्याहून चोपड्याला शेवटची एसटी किती वाजता आहे?" मला ते माहीत नव्हते. मी आगारात फोन लावून विचारले.