तिकीट काढणारा आला कुठून?

सोमवारी सकाळी निर्मात्यांचा फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, बुकिंग कुठून झालं?" शनिवार-रविवारचे प्रयोग उरकलेले असतात, पुढच्या आठवड्याचे जाहिरातीचे पैसे कुठे लावायचे ते ठरवायचं असतं. नाटकांची ऑनलाइन तिकिटं विकणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी हे आकडे बघते. उत्तर माझ्या स्क्रीनवर रंगीत तक्त्यात तयारच असतं. इतके गूगलवरून, इतके इन्स्टाग्रामवरून, आणि सगळ्यात मोठा ढीग 'डायरेक्ट'चा. निर्मात्यांना हा ढीग फार आवडतो, कारण ते सगळे आपले हक्काचे रसिक आहेत असं त्यांना वाटतं. खरं तर माणूस कुठून आला हे यंत्राला कळलं नाही की ते त्याला या ढिगात टाकून मोकळं होतं.

या ढिगात काय आहे याचा मला चांगला अंदाज आहे, कारण मी स्वतः तशीच नाटकाला जाते. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकतं. मग तारीख, मग काकांना पायऱ्या चढवत नाहीत म्हणून बाल्कनी नको, मग कोथरूडला पार्किंग मिळेल का यावर चर्चा. यातलं काहीही आमच्या साइटवर घडत नाही. लिंकला मागे खुणेची शेपटी जोडलेली नसेल, तर व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला माणूस आणि पत्ता टाइप करून आलेला माणूस आम्हाला सारखेच दिसतात.

म्हणून आम्ही आसनांच्या प्लॅनवर 'पाठवा' असं बटण टाकलं. त्यातून जाणाऱ्या प्रत्येक लिंकला एक कोड चिकटतो. त्यानंतर दिसलेला एक मार्ग सांगते. गुरुवारी रात्री अकरानंतर एका फोनवरून नाटकाचं पान उघडलं. तिथून कलाकारांची नावं, तिथून शनिवारच्या प्रयोगाचा प्लॅन. मधल्या रांगा मोठ्या करून बघितल्या आणि लिंक पाठवली. पुढच्या तासाभरात त्याच कोडची लिंक आणखी काही फोनांवर उघडली. त्यातला एक फोन थेट नाट्यगृहाच्या माहितीच्या पानावर गेला आणि तिथेच बराच वेळ थांबला. (काका असणार.) शुक्रवारी दुपारी लॅपटॉपवरून कुणीतरी गूगलमध्ये नाटकाचं नाव टाकलं, सगळ्यात वर दिसलेल्या आमच्याच जाहिरातीवर क्लिक केलं आणि एका रांगेतली सहा तिकिटं काढली. लॉगिनचा मोबाइल नंबर गुरुवारचाच, म्हणून ही कडी जुळली. एरवी जुळली नसती.

आता या सहा तिकिटांचं श्रेय कुणाला? तक्ता म्हणतो, गूगलच्या जाहिरातीला. म्हणजे लग्न जमवलं मावशीने आणि मानपानाची साडी बँडवाल्याला. वर त्या क्लिकचे पैसेही आम्हीच मोजले!

ऑनलाइन खरेदी-विक्रीची साइट चालवणाऱ्या ईबे या अमेरिकन कंपनीने २०१२ मध्ये याची नीट परीक्षा घेतली होती. कुणी 'ईबे' असं शोधलं की वर दिसणाऱ्या, म्हणजे स्वतःच्या नावावरच्या जाहिराती त्यांनी काही सर्च इंजिनांवर बंद करून पाहिल्या. जाहिरातीतून येणाऱ्या क्लिकपैकी ९९.५ टक्के क्लिक खालच्या फुकटच्या निकालांतून तशाच येत राहिल्या. ब्लेक, नॉस्को आणि टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांचा त्यावरचा निबंध २०१५ मध्ये 'इकॉनॉमेट्रिका' या अर्थशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. ज्याला 'ईबे'च हवंय तो ईबेवर पोचतोच. नाटकाचं नाव टाकून शोधणाऱ्याचंही तेच आहे, त्याचं ठरलेलं असतं.

साइटवर कोण कुठून आलं ते मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये मार्ग उलटा लावता येतो. शेवटी 'खरेदी' ठेवायची आणि एकेक पायरी मागे जायचं. हे मला फार उपयोगी वाटतं, फक्त मागे जाताना वाटेत खड्डे आहेत. इन्स्टाग्रामवरची लिंक इन्स्टाग्रामच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते. तोच माणूस नंतर क्रोममधून आला की तो दुसराच माणूस ठरतो. आयफोनवरचा सफारी, पानावरच्या स्क्रिप्टने ठेवलेली कुकी (म्हणजे माणूस परत आला तर ओळखायची खूण) सात दिवसांनी पुसून टाकतो, आणि आमच्याकडे पंधरा दिवस आधी नाटक हेरून ठेवणारे लोक कमी नाहीत. पैसे भरायला गिऱ्हाईक पेमेंट गेटवेवर जातं आणि परत येतं, तेव्हा ते गेटवेहूनच आलं अशी नोंद होते. ते पत्ते आठवणीने वगळावे लागतात. श्रेय कसं वाटायचं याचे पर्यायही आता कमी आहेत. पहिल्या क्लिकला द्या, सगळ्यांना समान द्या, हे गूगलने २०२३ मध्ये काढून टाकलं. उरलं शेवटचा क्लिक आणि त्यांचं स्वतःचं गणित. जाहिराती विकणाराच श्रेय वाटायला बसला आहे, एवढं लक्षात ठेवून मी तो तक्ता वाचते.

पेपरातल्या जाहिरातीवरून मागे आमच्यात चांगलीच जुंपली. एका निर्मात्यांनी तक्ता बघून विचारलं, "पेपरातून शून्य दिसतंय, मग बंद करू?" मी त्यांना तासांचा आलेख दाखवला. रविवारी सकाळी आठ ते दहा या वेळात नाटकाचं नाव शोधणाऱ्यांचा डोंगर उभा राहतो, आणि त्या वेळात आम्ही दुसरीकडे काहीच केलेलं नसतं. पेपर हातात, चहा शेजारी आणि फोनवर नाव टाइप. जाहिरातीतला क्यूआर कोड स्कॅन करणारे विरळाच, कारण नाव टाइप करणंच लोकांना सोपं जातं.

आणखी माग काढायला हवा, सगळे फोन एकमेकांना जोडायला हवेत, असं सुचवणारे विक्रेते अधूनमधून येतात. मला ते नको आहे. तो गुरुवारचा मार्ग बघताना एका अनोळखी कुटुंबाच्या दिवाणखान्यात डोकावल्यासारखं वाटलं होतं, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसारही माहिती कशासाठी घेतो ते स्पष्ट सांगून संमती घ्यायची आहे. तो कोड आता आम्ही प्रयोग झाला की पुसतो.

मला ज्यातून खरं काही मिळालं ते प्लॅनच्या पानावरचं मागे-पुढे. लोक आसनं निवडून अडतात, नाट्यगृहाच्या पानावर जातात, लिफ्ट आहे का, पार्किंग कुठे ते बघतात, आणि परत येईपर्यंत आसनं सुटलेली असतात. त्यातले बरेच तिथूनच निघून जातात. तेव्हा लिफ्ट, पायऱ्या आणि पार्किंग या तीन ओळी आम्ही प्लॅनच्या खालीच आणून ठेवल्या. या बदलाचं श्रेय मागायला कुठलाच जाहिरातवाला आला नाही.

सध्या नाशिकच्या प्रयोगांपुरती नावावरची जाहिरात बंद ठेवली आहे, पुण्यात चालू. नाशिकच्या कालिदास कलामंदिर नाट्यगृहाचं बुकिंग पडतंय का ते महिनाभर बघायचं ठरलंय. निर्माते आता सोमवारची वाट बघत नाहीत, रोज सकाळी फोन करून विचारतात, "मॅडम, चालू करायची का?"