तलात नोई: ग्रीस, उदबत्त्या आणि दोनशे वर्षांचा वाडा

बँकॉकचं चायनाटाऊन म्हटलं की बहुतेक जण याओवारात रस्त्यावर जातात, झगमगत्या पाट्यांखाली खातात आणि परततात. मला विचाराल तर त्याच्या दक्षिणेला, चाओ फ्राया नदीला लागून असलेली तलात नोई ही वस्ती आधी बघा. याओवारात रस्ता १८९० च्या दशकातला. ही वस्ती त्याहून जुनी. १७८२ साली थाई राजा पहिला राम याने राजधानी नदीच्या पूर्व काठावर आणली, तेव्हा राजवाड्याच्या जागी राहणाऱ्या चिनी लोकांना साम्पेंगला, म्हणजे आजच्या चायनाटाऊनच्या भागात, हलवलं. तिथे दाटी झाली तशी माणसं काठाकाठाने इकडे पसरली.

गल्लीत शिरलं की आधी ग्रीसचा वास येतो. जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणं हा इथला पिढीजात धंदा, ‘सिएंग कोंग’ नावाने ओळखला जाणारा. गिअर, एक्सल, इंजिनं यांचे काळेकुट्ट ढीग पार छतापर्यंत. एका दुकानात आजोबा बुटक्या स्टुलावर बसून तारेच्या ब्रशने गिअरचा एकेक दाता घासत होते. घासायचा, फडक्याने पुसायचा, उजेडात फिरवून बघायचा. त्यांच्या मागे जमिनीवरच चिनी भूमिदेवतेचं लाल देवघर, त्यात उदबत्त्या. आणि वर भिंतीवर थाई राजाची तसबीर. थाई कुठे संपतं नि चिनी कुठे सुरू होतं, हे इथे शोधूच नये.

सो हेंग ताई हा होक्कियन, म्हणजे दक्षिण चीनच्या फुजियानहून आलेल्या, घराण्याचा चौसोपी वाडा दोनशेहून जास्त वर्षांचा आहे. मधल्या चौकात आज चक्क खोल पोहण्याचा तलाव आहे, आणि त्यात स्कूबा डायव्हिंग शिकवतात! काहींना हे खटकतं. मला नाही खटकलं. त्याच घराण्याची माणसं अजून इथे राहतात, आणि एवढं जुनं लाकूडकाम सांभाळायला पैसा लागतोच. चौकात बसून थंड चहा घेतला आणि वरच्या सज्जाचं सागवान बघत राहिले.

जवळच १८०४ चं चाओ सू कोंग हे होक्कियन देऊळ आहे. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात इथे नऊ दिवस शाकाहाराचं व्रत असतं, साधारण आपल्या नवरात्राच्याच सुमारास. शाकाहारी मंडळींनी तेव्हाच जावं. नदीकाठचं कलावार चर्च मात्र पोर्तुगीज कॅथलिकांनी वसवलेलं. आजची इमारत १८९७ ची.

हल्ली कॅफे भराभर वाढताहेत. गंजलेल्या छोट्या फियाटपुढे फोटोसाठी रांग लागते, आणि दोन पावलांवर घाम गाळणाऱ्या कामगाराकडे कुणी बघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ही वस्ती त्याच्या हातांवर उभी आहे. म्हणून शनिवार-रविवार टाळा. मेट्रोने हुआ लाम्फोंगला उतरा, सकाळी दुकानं उघडताना पोहोचा, आणि कुणाचाही फोटो काढण्याआधी त्याला विचारा.