बसतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

सिग्नलला विचारतात, पेट्रोल पंपावर विचारतात, परवा तर एका बारशाला पाळण्याशेजारी उभं राहून एकाने विचारलं. "तुमच्या त्या जुन्या बुलेटला नवीन क्लासिकचा सायलेन्सर आहे ना? बसतो का तो?"

एकदाच लिहून टाकतो. यापुढे कोणी विचारलं तर हेच वाचायला देईन.

बसत नाही. बसवतात. या दोन शब्दांमधला फरक कळायला मला दीड वर्ष लागलं, आणि किंमत मी मोजलेली नाही, ती पुढे येईलच.

आधी एक गोष्ट साफ करतो, कारण विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या नजरेत "हौस" असं लिहिलेलं असतं. मला कानठळ्या बसवायच्या नव्हत्या. उलट होतं. आमची गाडी 1994 ची, अण्णांनी गोदीत नोकरीला असताना घेतलेली. तिचा मूळ सायलेन्सर चिंचपोकळीच्या पावसाने आतून खाल्ला होता. आतली नळी सुटून खुळखुळत होती आणि चाळीत रात्री साडेअकराला शिरलं की तिन्ही मजल्यांचे दिवे लागायचे. हवालदाराने दोनदा बाजूला घेतलं होतं. पोलीस असले सायलेन्सर काढून घेऊन रोलरखाली चिरडतात, त्याचे फोटो तुम्हीही पाहिलेत. 175 सीसीच्या वरच्या दुचाकीला कारखान्यातून निघताना आवाजाची मर्यादा 80 डेसिबल, आणि मला ती पाळायची होती. रॉयल एनफील्ड या बुलेटच्या कंपनीचाच सायलेन्सर, फक्त तिच्या नव्या क्लासिक गाडीचा. यात गैर काय, असं मी सगळ्यांना विचारत फिरायचो.

गैर हे की मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला आवाज वाढला की कमी झाला याच्याशी देणंघेणं नाही. कंपनीने जशी गाडी दिली तिच्यात मनाने फेरफार नको, एवढंच ते म्हणतं. आणि पीयूसी काढताना धूर तपासतात, आवाज नाही, त्यामुळे "माझी पीयूसी पास आहे" हे माझं त्या काळातलं लाडकं वाक्य अगदीच पोकळ होतं.

दुसरं लाडकं वाक्य होतं, "इंजिन तर तेच आहे." 346 सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) 70, स्ट्रोक (पिस्टनची धाव) 90 मिलिमीटर. जुन्या कास्ट आयर्न इंजिनाचे हे आकडे आणि 2018 च्या क्लासिक 350 चेही हेच. मी अकाउंट्समधला माणूस. दोन्हीकडची बेरीज जुळली की माझ्या लेखी हिशेब संपतो.

तो संपला नव्हता. मी जिला नवीन म्हणतोय त्या 2018 च्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच कवचात, जुनीत दोन्ही वेगळे. नवीची किक डावीकडे, जुनीची उजवीकडे, म्हणजे सायलेन्सरच्याच बाजूला. पहिल्याच सकाळी टाच त्याच्यावर आपटली. तिचा बेंड पाइप, म्हणजे इंजिनातून धूर सायलेन्सरकडे नेणारा वाकडा पाइप, हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) स्टड-नटांनी आवळलेला असतो. जुन्याचा पाइप हेडच्या भोकात नुसता ठोकून बसवलेला. नट नाही, बोल्ट नाही. मग तो जागेवर राहतो कसा? मागून सायलेन्सर त्याला धरून ठेवतो, आणि सायलेन्सरला धरते चेसिसची पट्टी. ही पट्टी गेली की पुढचा पाइप कोणाचाच नाही.

हे मला माहीत नव्हतं असं मी बरेच दिवस सांगत होतो. ते खोटं आहे. दोन टाकी भागातल्या ज्या दुकानातून मी 1800 रुपयांना तो सायलेन्सर उचलला, तिथल्या म्हाताऱ्या चाचांनीच सांगितलं होतं, "पाइप तुम्हारा पुराना रहेगा, तो पट्टी का खयाल रखना." मी मान डोलावली. चकाकत होता हो तो. कुठल्या तरी फुटलेल्या गाडीचा असणार, पण सायलेन्सरवर ओरखडा नव्हता.

लेथवाल्याकडून पाइपच्या आणि सायलेन्सरच्या मधली बाही बनवून घेतली, ती छान झाली. मागचं भोक मात्र चेसिसच्या भोकापासून चार बोटं लांब पडत होतं, म्हणून वेल्डिंगवाल्याने तीन एमएमची पट्टी मारली. बसला! आवाज इतका मऊ, की पहिल्या रात्री चाळीत कोणी उठलं नाही. त्या आनंदात मी दोन महिने भेटेल त्याला सांगितलं, "काही नाही रे, एक पट्टी मारायची, बसतो." ऑफिसमधल्या भांडुपच्या एकाने माझं ऐकून तसंच करून घेतलं.

फटफट पहिल्या आठवड्यापासून होती. थ्रॉटल सोडला की मागून फट, फट. सांधा घट्ट नसला की त्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पाइपमध्ये उरलेलं न जळलेलं पेट्रोल तिथेच पेटतं, हे मी नंतर शिकलो. तेव्हा मी कार्ब्युरेटरचा जेट बदलला, प्लग बदलला. सांधा सोडून सगळं बदललं.

आता नोव्हेंबरचा तो दिवस. अण्णांना हयातीचा दाखला द्यायला फोर्टला बँकेत न्यायचं होतं. वय 71, साखर बारा वर्षांची. टॅक्सी करू म्हटलं तर म्हणाले, "माझी गाडी असताना टॅक्सी?" बँकेतून बाहेर आल्यावर खुशीत होते. "आता वर्षभर जिवंत आहे, कागदावर आलंय."

जे. जे. पुलावर दुचाकीला बंदी, म्हणून खालून, मोहम्मद अली रोडने निघालो. क्रॉफर्ड मार्केटच्या सिग्नलपासून फटफट वाढली. अण्णा मागून म्हणाले, "अरे, ही फारच फटफटतेय. बघ जरा."

मी म्हटलं, "ती फटफटतेच, अण्णा. बसवल्यापासून."

हे वाक्य मी अजून ऐकतो. इतकी वर्षं बुलेट चालवलेला माणूस मागे बसून सांगत होता आणि मी, बॅलन्स शीटवाला, त्याला समजावत होतो.

मिनारा मशिदीच्या थोडं पुढे एक हातगाडी आडवी आली. ब्रेक मारला, आणि बार उडाला. बारच वाटला मला. पट्टी तुटली होती, सायलेन्सर मागून खाली गेला होता, पुढचा पाइप हेडमधून निसटला होता, आणि उघड्या भोकातून 346 सीसी थेट बोंबलत होतं. गाडी उजवीकडे कलली. अण्णांनी तोल सावरायला उजवा पाय खाली टाकला आणि पोटरी त्या पाइपवर टेकली. पायजम्याचा वास आला आधी. मग ते "आई" म्हणाले. एवढंच, हळू आवाजात.

इंजिन बंद करायला मला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. लोक धावले. एकाने टूथपेस्ट आणली, एकजण बर्फ घेऊन आला. बुरख्यातल्या एका बाईंनी दोघांनाही झापलं, "कुछ नहीं लगाने का, खाली पानी," आणि समोरच्या हॉटेलचा पाण्याचा पाइप ओढून आणायला लावला. वीस मिनिटं त्या स्वतः धरून बसल्या होत्या. नाव विचारायचं राहिलं. गाडी रात्रभर एका अत्तरवाल्याच्या दुकानाबाहेर होती, दुसऱ्या दिवशी नटसुद्धा कमी नव्हता. सायलेन्सर घेतला ती गल्ली तिथून फार लांब नाही.

जखम तळहाताएवढी. साखरेच्या माणसाची जखम किती वेळ घेते ते ज्याच्या घरात साखर आहे त्याला विचारा. अडीच महिने रोज ड्रेसिंग. अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि मी त्याच सुमारास सगळ्यांना सांगत होतो की वेल्डिंगवाल्याने काम कच्चं केलं.

त्याने केलं नव्हतं. तो म्हणाला होता, तीन एमएम पातळ पडेल, पाच-सहाची घालू, खाली रबर बुश टाकू, म्हणजे थरथर पट्टीवर येणार नाही, पण उद्या या. उद्या माझ्या मित्राकडे गणपती होता आणि मला तिथे गाडी न्यायची होती. "आज आहे तीच मार," असं मी म्हटलं. हे आजवर घरी सांगितलेलं नाही. आता वाचतील.

त्या रात्री दवाखान्यातून भांडुपवाल्याला फोन केला. पट्टी खोलून बघ म्हटलं. तो म्हणाला, "माझी मस्त चाललीय, तू उगाच घाबरतोस." हे माझंच जुनं वाक्य, माझ्याच आवाजात. अजून त्याने बघितलेलं नाही. दर सोमवारी विचारतो, तो हसतो.

मग सायलेन्सर काढून टाकला असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही. अजून तोच आहे. जुन्या घाटाचा नवा मिळतो बाजारात, पण मी पाहिले ते पातळ पत्र्याचे आणि आवाज पुन्हा तोच, चाळ उठवणारा. मूळचा पोटमाळ्यावर आहे, आतली नळी वेल्ड करून घेता येईल असं एकजण म्हणतो. कलम 52 जिथे होतं तिथेच आहे. सहा एमएमची पट्टी, दोन रबर बुश, आणि दर रविवारी गाडी गार असताना मी बेंड पाइप हेडजवळ धरून हलवून बघतो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. चूक आहे असं म्हटलं की वाटतं, मग इतकं सगळं कशासाठी केलं? रात्री आवाज कमी झालाय हे तर खरंच आहे ना?

तेव्हा बसवायचा असेल तर पट्टी आधी बघा, सायलेन्सर नंतर. आणि तो फटफटायला लागला तर जेटला हात लावू नका, सांध्याला लावा. एवढं सांगू शकतो. बसवा की नको, ते मला विचारू नका.

यंदा नोव्हेंबरात पुन्हा दाखल्याची वेळ आली. मी चावी घेऊन खाली उभा होतो. अण्णा सावकाश वाकले, पट्टीवरून बोट फिरवलं.

"केवढी टाकलीस?"

"सहा एमएम."

"हं," म्हणाले, आणि पिशवी काखेत मारून बसस्टॉपकडे चालू लागले.