खोलीचं ऑफिस: दार, हवा आणि प्रतिध्वनीचा टप्पा

मागच्या नोंदीत खोली रिकामी होऊन जुना रंग खरवडून झाला होता. त्यानंतर वायरी भिंतीत गेल्या, दार बदललं, हवेची सोय झाली आणि प्रतिध्वनीचं निम्मं काम उरकलं. रंग, टेबल, कपाट हे सगळं बाकी आहे आणि ते मी मुद्दाम मागे ठेवलंय. खोली शांत होईल की नाही हे फर्निचर यायच्या आधीच ठरतं, असं माझं ठाम मत झालंय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: खोली ३.६ बाय ३ मीटर, उंची २.८ मीटर. माझा व्यवसाय बोलण्याचा. दिवसभर ग्राहकांशी व्हिडिओवर चर्चा, मधूनमधून ध्वनिमुद्रण. घरातला आवाज आत येऊ नये ही एक गरज आणि ग्राहकाचं बोलणं दारापलीकडे कुणाच्या कानावर पडू नये ही दुसरी. माझ्या लेखी दुसरी जास्त मोठी. माणूस विश्वासाने पैशापाण्याचं बोलतो, ते खोलीतच राहिलं पाहिजे.

वायरिंगचं थोडक्यात सांगते. मुख्य पॅनेलपासून या खोलीला स्वतंत्र सर्किट घेतलं, त्यावर ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच. दुसऱ्या खोलीतल्या एखाद्या उपकरणाने एमसीबी (जादा भार आला की बंद पडणारा स्विच) पाडला तरी बैठक तुटणार नाही. पॅनेलमधलं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घेतलं, तिथे हौस नको. नेटवर्कची केबल विजेच्या वायरींपासून लांब, वेगळ्या पाइपातून नेली आणि जिथे ओलांडावी लागली तिथे काटकोनात ओलांडली. वायरींसाठी भिंतीत पाडलेल्या झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवलेत. पुढे खिळा ठोकताना याचा फार उपयोग होतो.

आता दार. जुनं दार आतून पोकळ होतं, टिचकी मारली की ढोलकीसारखं वाजायचं. त्याजागी भरीव दार बसवलं. वजन वाढलं म्हणून तीनऐवजी चार बिजागऱ्या घेतल्या. पण नुसतं जड दार पुरत नाही. भिंत ४५ डेसिबल आवाज अडवत असली आणि तिच्या क्षेत्रफळाच्या फक्त १ टक्का जागा उघडी राहिली, तरी सगळी भिंत मिळून २० डेसिबलच्या वर जात नाही. दाराखालची बोटभर फटही असंच मोठं नुकसान करते. म्हणून माझा सगळा जीव फटींवर होता.

चौकट काढली तेव्हा तिच्या आणि भिंतीच्या मध्ये जागोजागी पोकळ्या दिसल्या. त्या मसाल्याने भरल्या आणि कडेने ॲक्रिलिक सीलंट फिरवला. तीन बाजूंना रबरी पट्टी आणि खाली आपोआप उतरणारं सील. याची रचना मला फार आवडली: बिजागरीच्या बाजूला एक छोटं बटण असतं. दार मिटताना ते चौकटीवर दाबलं जातं आणि दाराच्या पोटातली रबरी पट्टी खाली उतरून फरशीला टेकते. दार उघडलं की पट्टी वर, त्यामुळे उंबरठा लागत नाही आणि फरशीवर घासतही नाही. बटणाचा स्क्रू फिरवून ती किती उतरावी ते ठरवता येतं. तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि कागद ओढायचा. सगळीकडे सारखाच अडकून आला पाहिजे. मग खोलीत अंधार करून बाहेरून टॉर्च फिरवायला सांगायचं. कुलपाच्या वरच्या कोपऱ्यात उजेडाची बारीक रेघ दिसत होती, तिथे पट्टीखाली अजून एक थर दिला.

फोमबद्दल बरेच जण विचारतात. भिंतीला फोम चिकटवल्याने आवाज बाहेर जायचा थांबत नाही. फोम खोलीतला घुमारा कमी करतो. आवाज अडवायला वजन आणि हवाबंदपणा लागतो. ही दोन वेगळी कामं आहेत.

हवाबंद खोलीचा पुढचा प्रश्न उघड आहे: श्वास. बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतं. नवं दार लावून दोन तास काम केल्यावर माझा मीटर १,५०० च्या आसपास गेला आणि डोकं जड झालं. जर्मन आरोग्यशास्त्रज्ञ मॅक्स फॉन पेटेनकोफर यांनी १,००० पीपीएमची मर्यादा एकोणिसाव्या शतकातच सुचवली होती आणि आजही तोच आकडा हाताशी धरला जातो. १८ लिटरला तासाला ४० घनमीटर ताजी हवा मिळाली तर पातळी ४५० ने वाढून ८७० वर स्थिरावते. तेवढ्या क्षमतेचा पंखा निवडला. खरं तर त्याहून मोठा घेऊन मंद गतीवर चालवतेय, तो शांत राहतो.

पण हवेला वाट दिली म्हणजे आवाजालाही दिली. यासाठी प्लायवूडची लांबट पेटी केली. आतून ५० मिलिमीटर रॉकवूल (दगडी तंतूंची लादी), त्यावर कापड आणि मध्ये एकाआड एक दोन आडव्या फळ्या. हवा नागमोडी जाते, आवाज मात्र प्रत्येक वळणावर रॉकवूलमध्ये मुरतो. आतली वाट कुठेही पाइपापेक्षा अरुंद करायची नाही, नाहीतर हवाच सूं-सूं करायला लागते. अशा दोन पेट्या, एक आत येणाऱ्या हवेसाठी, एक बाहेर जाणाऱ्या. रॉकवूल कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच.

प्रतिध्वनीसाठी अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सबाइन यांचं जुनं सूत्र वापरलं. खोलीतला घुमारा विरायला किती सेकंद लागतात ते त्यातून कळतं: ०.१६१ गुणिले घनफळ भागिले शोषण (म्हणजे आवाज पूर्ण गिळणाऱ्या पृष्ठभागाइतकं क्षेत्रफळ). माझ्या खोलीचं घनफळ ३०.२ घनमीटर. बोलणं स्वच्छ यावं म्हणून ०.४ सेकंदाचं लक्ष्य धरलं, तर शोषण सुमारे १२ चौरस मीटर हवं. रॉकवूलची ०.६ बाय १.२ मीटरची आठ पॅनेलं जवळपास साडेपाच देतात. उरलेलं गालिचा, जाड पडदा आणि पुस्तकांचं कपाट मिळून भरेल असा अंदाज आहे. सध्या चार पॅनेलं लागली आहेत. टाळी वाजवली की समोरासमोरच्या भिंतींमध्ये जी टर्रकन थरथर ऐकू यायची, ती एका दिशेत पूर्ण गेली. दुसऱ्या दिशेत अजून आहे.

उजेडाचं ठरलंय, काम व्हायचंय: टेबलावर ५०० लक्स उजेड, त्याची छटा ४००० केल्विन, रंगदर्शकांक (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा १०० पैकी आकडा) ९० च्या वर. खिडकी बाजूला येईल असं टेबल ठेवणार. मागे आली की कॅमेऱ्यात चेहरा काळा पडतो, समोर आली की डोळे दिपतात. दिवे घ्यायच्या आधी फोनच्या स्लो-मोशनमध्ये बघते, पट्टे धावताना दिसले तर तो दिवा नाही घ्यायचा.

पुढे उरलेली चार पॅनेलं, पुट्टी, प्रायमर, रंग आणि मग सुताराकडून ७३ सेंटिमीटर उंचीचं टेबल. एका बाबतीत सल्ला हवाय: छताला पॅनेल लावताना मागे १० सेंटिमीटर पोकळी सोडली तर खालच्या सुरांचं शोषण वाढतं, पण २.८ मीटर उंचीत ते डोक्यावर आल्यासारखं वाटेल का? कुणी एवढ्याच उंचीच्या खोलीत लावलं असेल तर फोटो टाका.