पोरांच्या हातात थापी कशाला?

शाळेत पोरांना हातकाम कशाला शिकवता, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. पालकसभेत, एसटीत, लग्नाच्या पंगतीतही हेच ऐकतो: "सर, आठवड्यातला अख्खा दिवस वर्कशॉपमध्ये? मग पोरांनी अभ्यास कधी करायचा?"

पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ पासून जे उभं केलं, तेच आम्ही आठवी ते दहावीला शिकवतो. वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, माती तपासणं, रक्तगट काढणं. हा अभ्यासच आहे.

पण एका माणसाला मला हे पटवता आलं नाही. शाळेत हात धुण्याच्या ओट्याची आखणी चालली होती. नववीतली एक मुलगी फक्की मारत होती. एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार. कर्ण पाच भरला की कोपरा काटकोनात. तिचे वडील गवंडी. काही कामाने आले आणि बघत उभे राहिले. मी कौतुकाने म्हटलं, "बघा, किती नेमका कोपरा काढलाय."

ते म्हणाले, "सर, हे मला येतं. माझ्या बापालाही येत होतं. तिला हे करायला लागू नये म्हणून तर शाळेत घातली."

आवाज चढवला नाही. मुलीने दोरी खाली ठेवली. पुढच्या आठवड्यापासून वर्कशॉपच्या दिवशी ती गाइड घेऊन वाचनालयात बसू लागली. मी घरी गेलो, बोललो, चहा घेतला. ती परत आली नाही.

मद्रास राज्यात १९५३ साली मुख्यमंत्री राजाजींनी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) प्राथमिक शाळेची वेळ कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा, अशी योजना आणली. बापाचाच धंदा पोरांच्या गळ्यात पडेल म्हणून लोक खवळले, १९५४ मध्ये ती रद्द झाली. या गवंड्याची भीती तीच, आणि ती खरी आहे. सायन्स मिळालं नाही की व्होकेशनल, हे आपणच ठरवून ठेवलंय ना?

नवीन होतो तेव्हा मी सांगायचो, पोटापाण्याची सोय होईल. आता तो मुद्दा काढत नाही. पंधराव्या वर्षी कुणाचं पोट कशावर भरेल हे ठरवणारा मी कोण? पण तेव्हाचा मी गप्प बसत नाही. वायरिंग शिकून दुकान टाकलेली पोरं तुझ्याच वर्गातली ना, म्हणतो. आहेत.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या सगळ्याच मुलांना हातकाम शिकवा, असं आहे. मला तेवढंच हवंय. डॉक्टरच्या मुलानेही फक्की मारावी आणि कर्ण पाचच का भरतो ते सांगावं. आमच्याकडच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत हे होत नाही, तोवर त्या गवंड्याच्या दारात पुन्हा जाऊन काय सांगू?