पाय मोकळे करायला किनाऱ्यावर

यॉटवर चार दिवस काढले की समुद्राचं वेड असलेल्या माणसालाही झाडांची आठवण यायला लागते. डेक दहा-बारा मीटरचं, त्यातही दोऱ्या, खुंट्या आणि कुणाचे तरी पाय. मग एखाद्या शांत खाडीत नांगर पडतो, समोरच्या टेकडीवर चढत गेलेली पायवाट दिसते आणि पोटऱ्या शिवशिवू लागतात. (परदेशातून येऊन पहिलाच मुक्काम असेल तर पिवळा क्यू झेंडा, म्हणजे बंदराकडे प्रवेशाची परवानगी मागणारा झेंडा, चढवून गप्प बसायचं. कागदपत्रं होईपर्यंत पायवाट नुसती बघायची.)

एरवी फिरायला गेलेल्या माणसाला परत आल्यावर घर जागेवर सापडतं. इथे घर तरंगतं, आणि घरापर्यंत नेणारी डिंगी, म्हणजे छोटी होडी, तीही तरंगते. म्हणून किती चालायचं ते पायांना विचारायचं नाही, भरती-ओहोटीच्या तक्त्याला विचारायचं.

आधी नांगर. आत्ता पाणी ४ मीटर आहे, भरतीला ३ मीटर चढणार आहे आणि बोटीची नाळ (पुढचं टोक) पाण्यापासून १ मीटर उंच आहे, तर हिशेब ८ मीटरचा. त्याच्या पाचपट, म्हणजे ४० मीटर साखळी सोडायची. नुसते ४ मीटर बघून २० मीटर सोडली, तर भरतीला साखळी ताठ होते, नांगराला वर ओढ बसते आणि तो सुटतो. साखळी सोडून झाली की इंजिन उलटं चालवून नांगर रुतवायचा आणि बाजूच्या किनाऱ्यावरच्या दोन खुणा, पुढे खडक नि मागे झाड अशा, एका रेषेत धरायच्या. बोट झुलते तशा त्या हलतात आणि परत येतात. एकाच बाजूला सरकत राहिल्या तर नांगर घसरतोय, बूट काढून ठेवा. अर्धा तास तरी हे बघावं, मगच डिंगीत पाय टाकावा.

खरी गंमत डिंगीची. लहान रबरी डिंगी आणि तिची मोटर मिळून ५० किलो सहज भरतात. पुळणीचा उतार ५० ला १ असेल आणि पाणी ३ मीटर उतरलं, तर पाण्याची कड १५० मीटर लांब गेलेली असते. तेवढं ओझं ओल्या वाळूतून ओढायचं, आणि चिखल असला तर विचारूच नका. उलट भरती चालू असताना डिंगी पाण्याच्या कडेला नुसती टेकवून गेलात, तर ती तुमच्याविना निघते.

यावर साधी युक्ती आहे. ओहोटीच्या तळाआधी दोन तास उतरायचं आणि तळानंतर दोन तासांनी परतायचं. पाणी जिथे सोडलं होतं, साधारण तिथेच भेटतं. तळाच्या वेळेला मागे वळायचं. कड्याखालून जाणाऱ्या वाटेवर तर हा नियम मोडूच नये. पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांतल्या मधल्या दोन तासांत निम्मी भरती येऊन जाते. उधाणाच्या दिवसांत ओहोटी लांबवर जाते, वाळू मोकळी पडते आणि माणूस भुलतो. पण परत येणारं पाणीही तेवढंच जास्त असतं. तरीही डिंगी वाळलेल्या शेवाळाच्या रेषेच्या वर ओढून, लांब दोरीने बांधून, दोरीच्या टोकाचा छोटा नांगर वाळूत पुरायचाच. हिशेब चुकू शकतो.

उतरताना एक फसगत ठरलेली. समुद्राकडून बघताना फुटणाऱ्या लाटांच्या पाठीच दिसतात, म्हणून त्या आहेत त्यापेक्षा लहान वाटतात. थोडं थांबून दोन-चार लाटा किनाऱ्यावर जाऊन काय करतात ते बघावं. डिंगी आडवी झाली की उलटते.

किनाऱ्यावर पहिली काही मिनिटं जमीन डोलते. ती डोलत नाही. तोल सांभाळणारा मेंदू अजून बोटीवरच असतो. पाण्याच्या कडेने, ओल्या घट्ट वाळूवरून चालावं; सुक्या भुसभुशीत वाळूत दुपटीहून जास्त ताकद जाते. ओल्या वाळूवर पाऊल दाबलं की भोवतीची वाळू क्षणभर फिकी, कोरडी होते. दाबामुळे घट्ट बसलेले कण एकमेकांपासून सुटतात, मधली जागा वाढते आणि वरचं पाणी आत उतरतं. शास्त्रज्ञ ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ साली हे कोडं उलगडलं. पाऊल उचललं की ठसा पाण्याने चकाकतो.

कड्यावर चढलात तर ५० मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे २५ किलोमीटरवर जातं. पाण्याच्या कडेला उभं राहिलं तर ते जेमतेम पाच किलोमीटरवर असतं. कडेपासून मात्र लांबच राहावं, खालचा भाग लाटांनी पोखरलेला असू शकतो. इथून बोटीवर एक नजर टाकावी. तिचं तोंड दुसरीकडे वळलेलं दिसलं तर वारा फिरलाय, किंवा प्रवाह. वारा खाडीच्या तोंडातून आत यायला लागला असेल, तर उरलेली पायवाट राहू द्यावी.

परतायला अंधार होण्याची शक्यता असेल तर नांगरदिवा निघतानाच लावून ठेवावा; काळोखात सगळ्या बोटी सारख्याच दिसतात. डिंगीतही टॉर्च आणि वल्ही हवीत, मोटर कितीही गुणी असली तरी.

बोटीवर चढायच्या आधी डिंगीच्या काठावर बसून पाय पाण्यात खळखळून धुवावेत, नाहीतर वाळू बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळात, जाऊन पंपाची जाळी धरते. खारवलेले बूट गोड्या पाण्यातून काढावेत. मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं, त्यामुळे ते दिवसभर उन्हात ठेवले तरी रात्री पुन्हा दमट लागतात. एवढं करूनही थोडी वाळू अंथरुणात सापडतेच.