वऱ्हांड्यातली मराठी

ट्रॅव्हल नर्स म्हणजे गरज असेल त्या हॉस्पिटलात थोड्या काळासाठी जाणारी नर्स. तिचा करार साधारण तेरा आठवड्यांचा असतो. मी मूळची मिरजेची, सहा वर्षं ह्यूस्टनला न्यूरो आयसीयूत, म्हणजे मेंदूच्या पेशंटच्या अतिदक्षता विभागात काढली आणि मग बॅग भरून फिरायला लागले. टेक्ससचं लायसन्स बहुराज्यीय असल्यामुळे ओहायोत वेगळं काढावं लागत नाही. नव्या ठिकाणी एक-दोन ड्यूट्या कोणाच्या तरी मागेमागे फिरायचं आणि तिसऱ्या दिवशी पेशंट घ्यायचे. औषधाचं कपाट कुठे, डॉक्टरांना फोन लावायचा की मेसेज करायचा, स्ट्रोक अलर्टचा, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अडल्याची शंका आली की डॉक्टरांना बोलावण्याचा नंबर कोणता, एवढं आधी पाठ करायचं. नंबर मी बॅजच्या मागे चिकटवते.

दुसऱ्या वॉर्डात माणूस कमी पडला की पहिली पाठवणी आमचीच होते. त्याला 'फ्लोट' म्हणतात. न्यूरोसाठी घेतलेली मी त्या जानेवारीतल्या रात्री हाडांच्या वॉर्डात होते. आठवा आठवडा चालू होता, बाहेर बर्फ, माझ्याकडे पाच पेशंट. कुरकुर करून उपयोग नसतो, पण मी केली.

रात्री एकच्या सुमाराला चौदा नंबरच्या खोलीतून मराठी ऐकू आलं. हा पेशंट माझा नव्हता. आठ आठवड्यांत फोनव्यतिरिक्त कानावर मराठी पडलं नव्हतं, त्यामुळे हातातली औषधं तशीच घेऊन मी दारात थबकले. ऐंशीच्या घरातले आजोबा मदतनीस मुलीशी छान गप्पा मारत होते. घरासमोरच्या बर्फावरून घसरून खुबा मोडलेला, परवा ऑपरेशन झालेलं. ती मान डोलवत चादर नीट करत होती. मला म्हणाली, "गोड आहेत. तासभर बोलतायत."

खरं सांगते, पहिले काही क्षण मलाही काहीच खटकलं नाही. चाल अगदी आपली होती. 'अगं', 'ना', 'म्हणजे कसं' सगळं जागच्या जागी, शेवटी आवाज खाली येणंही. मग शब्द ऐकले.

"अगं ती कपाटी सांडून ठेव ना, म्हणजे कसं, दुपारचं टपाल फुंदलं की मग चिंबाळ वरती जातो."

मी म्हटलं, "आजोबा, मी मिरजेची. काय हवंय तुम्हाला?"

"हो हो, तेच म्हणतोय मी," म्हणाले आणि पुन्हा चिंबाळावर आले.

"डोळे मिटा बघू." हसले, पण मिटले नाहीत. मी स्वतःचे डोळे मिटून दाखवले, तेव्हा लगेच मिटले. दोन्ही हात वर धरून दाखवले, त्यांनीही धरले, एकही खाली आला नाही. चेहरा वाकडा नाही. उजवीकडून बोट हलवत आणलं तर नजर वळेना, डावीकडून आणताच वळली.

त्यांची नर्स आली. ती म्हणाली, "ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना भ्रम होतोच. मघाशी व्हिडिओवर दुभाषी लावला होता. तो म्हणाला, आवाज नीट येत नाही, बहुधा बोली वेगळी आहे." दुभाषी हिंदीचा होता. फाइलमध्ये भाषा हिंदी लिहिलेली होती.

तिचं अगदीच चुकीचं नव्हतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर भ्रम खूप जणांना होतो. पण भ्रमात लक्ष टिकत नाही. हे आजोबा डोळ्यांत बघत होते, मी बोलले की थांबत होते, माझं संपलं की बोलत होते. गप्पांची शिस्त शाबूत होती, फक्त शब्द आणि अर्थ गेलेले. मेंदूच्या डाव्या बाजूला मागे, कानाच्या वरच्या भागात रक्त अडलं की असं होतं. हातपाय चालतात, म्हणून लक्षात येत नाही. त्यात भाषा समोरच्याला येत नसली की संपलंच.

परक्या वॉर्डात, दुसऱ्याच्या पेशंटवर अलर्ट लावायचा म्हणजे धाडसच. खोटा निघाला तर पाहुण्या नर्सचं नाव खराब होतं. शुगर पाहिली, १३८, म्हणजे कमी नव्हती. बॅज उलटा केला आणि फोन लावला.

न्यूरॉलॉजिस्ट स्क्रीनवर आले. पहिला प्रश्न नेहमीचाच, शेवटचे ठीक कधी होते? मदतनीस म्हणाली, "बाराला बोलत होते ना." मी म्हटलं, "ती वेळ धरू नका. त्यांचं बोलणं समजणारं कोणी तेव्हा नव्हतं." आजोबांच्या मुलीला फोन लावला. दहा वीसला तिचं बोलणं झालेलं. "व्यवस्थित बोलले हो. नातू जेवला का विचारलं." मग दहा वीस हीच वेळ धरली.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देतात. वेळ हातात होती, पण परवाच मोठं ऑपरेशन झालेलं, म्हणून ते बाद. हृदयाचे ठोके अनियमित होते आणि रक्त पातळ करणारी गोळी ऑपरेशनसाठी थांबवलेली. गुठळी कुठून आली असेल याचा अंदाज सगळ्यांनाच आला. स्ट्रोकच्या मापपट्टीवर सात गुण. एखाद्याचा अख्खा हात लुळा पडला तरी एवढे होत नाहीत. सीटी अँजिओत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये, डावीकडच्या मधल्या धमनीची फांदी बंद दिसली. तीनच्या आत जांघेतून तार घालून डॉक्टरांनी ती मोकळी केली.

सकाळी मॅनेजरबाईंनी आभार मानले आणि त्याच दमात, प्रमाणपत्र नसलेल्या नर्सनं दुभाषाचं काम करू नये असा नियम आहे, याची आठवणही दिली. नियम बरोबर आहे. मी भाषांतर केलंच नव्हतं, करण्यासारखं काही नव्हतंच, हे मात्र त्यांना समजावता आलं नाही. फाइलमध्ये हिंदीच्या जागी मराठी तेवढं करून घेतलं.

तीन दिवसांनी आजोबा माझ्या न्यूरो वॉर्डात होते. मुलगी उशाशी बसलेली. स्पीच थेरपिस्ट चित्रांचं कार्ड दाखवत होती. त्यावर हातमोजा, किल्ली, निवडुंग, खुर्ची, पीस आणि दोन झाडांना बांधलेला हॅमॉक अशी चित्रं असतात. किल्ली बरोबर आली. पिसालाही किल्लीच म्हणाले आणि स्वतःवरच चिडले. हॅमॉककडे बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "झोळी."

थेरपिस्टनं पेन्सिल उचलून मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बरोबर धरायचं की चूक?